एल्कच्या शिकारीसाठी स्कोप: अंतर मोजणारा इलेक्ट्रॉनिक की साधा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्रीनकार्ड झालं, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, येत्या मोसमासाठी कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या मादीचा टॅग (शिकारीचा परवाना) मिळाला आणि ६.५ क्रीडमोर काडतुसाची रायफलही घेतली. आता तिच्यावर स्कोप कुठला बसवायचा? टेक्सासमधला तुमचा मित्र त्याच्या बरिस एलिमिनेटर या इलेक्ट्रॉनिक स्कोपचं तोंड भरून कौतुक करतो. बटण दाबलं की अंतर दिसतं, नेम कुठे धरायचा तो ठिपका आपोआप उजळतो, डोक्याला काही ताप नाही. इकडे दुकानदार म्हणतो, साधा ३-९×४० (तीन ते नऊपट झूम, ४० मिलिमीटरचं भिंग) घ्या आणि लेझरने अंतर मोजणारा रेंजफाइंडर वेगळा घ्या. कोणाचं ऐकावं?

कोलोरॅडोत शिकार करणार असाल तर दुकानदाराचं ऐका. पहिलं कारण कायद्याचं आहे, आणि तिथे आवडीनिवडीला जागाच नाही.

कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या मोठ्या जनावरांच्या नियमपुस्तिकेत ‘स्मार्ट रायफल’ला बंदी आहे. लक्ष्याचा माग ठेवणारी यंत्रणा असलेली, ट्रिगर इलेक्ट्रॉनिक किंवा संगणकाला जोडलेला असलेली, किंवा बॅलिस्टिक्सचा हिशोब करणारा संगणक असलेली बंदूक, अशी तिची व्याख्या आहे. त्याला जोडूनच म्हटलंय की ज्या स्कोपमध्ये कॉम्प्युटर प्रोसेसर आहे, तो बसवलेली बंदूकसुद्धा स्मार्ट रायफलच धरली जाईल. एलिमिनेटर अंतर मोजतो आणि तेवढ्या अंतरावर गोळी किती खाली येईल याचा हिशोब करून ठिपका उजळवतो. म्हणजे तो या व्याख्येत सरळ सापडतो. स्वारोव्हस्कीचा डीएस तसाच. सिग सॉअरच्या बीडीएक्स प्रकारात लेझर हातातल्या रेंजफाइंडरमध्ये असतो आणि आकडा ब्लूटूथने स्कोपकडे जातो, पण ठिपका दाखवणारा प्रोसेसर स्कोपमध्येच आहे, तेव्हा तोही गेला. बरिस कंपनी ग्रीलीची, म्हणजे याच राज्यातली, आणि हा स्कोप इथल्या दुकानांत उघड्यावर मांडलेला असतो. बंदी विकण्यावर नाही, मोठ्या जनावरांच्या शिकारीला वापरण्यावर आहे. नवीन माणूस इथेच गोंधळतो. दुकानात मिळतो म्हणजे चालत असेल असं धरून चालतो, आणि डोंगरात वन्यजीव अधिकारी रायफल बघायला मागतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं.

हा नियम आला कुठून, तेही माहीत असावं. २०१३ च्या सुमारास टेक्सासमधल्या ट्रॅकिंगपॉइंट नावाच्या कंपनीने वीस हजार डॉलरच्या घरातली रायफल बाजारात आणली. लक्ष्यावर एकदा खूण करायची, मग ट्रिगर दाबून धरायचा. नळी बरोबर खुणेवर आली की गोळी सुटण्याचा क्षण यंत्र ठरवणार. त्यानंतर अनेक राज्यांत एकच प्रश्न विचारला गेला: नेम माणसाने धरला की यंत्राने? प्रत्येक राज्याने आपापलं उत्तर दिलं. आयडाहोचा नियम जुना आणि आणखी कडक आहे. मोठ्या जनावरांसाठी बंदुकीवर किंवा स्कोपमध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरण चालत नाही, फक्त उजळणाऱ्या रेटिकलला, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेषांना, सूट आहे. टेक्सासमध्ये असा अडसर नाही, म्हणून तुमच्या मित्राचं कौतुक त्याच्या जागी खरं आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब, जो मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवतो, तोही अंतर मोजणारा स्कोप वापरून मारलेलं जनावर नोंदीसाठी घेत नाही. तुम्हाला शिंगांची नोंद नको असेल, पण या लोकांचा कल कुठे आहे ते यावरून दिसतं. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून मोसमाआधी त्या वर्षाची पुस्तिका स्वतः वाचा, माझ्यासकट कोणाच्याही सांगण्यावर जाऊ नका.

हातात धरायच्या वेगळ्या रेंजफाइंडरला कोलोरॅडोत काही आडकाठी नाही. लेझर वापरा, पण प्रोसेसर असलेला स्कोप रायफलीवर नको, एवढंच राज्याचं म्हणणं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत हेच राहील.

आता मुद्द्याकडे. अंतर कळणं इतकं महत्त्वाचं का? तुमच्याच रायफलीचं उदाहरण घेऊ. ६.५ क्रीडमोर, १४३ ग्रेनची शिकारीची गोळी, तोंडाशी वेग सेकंदाला २७०० फूट, झीरो २०० यार्डांवर, म्हणजे तिथे गोळी नेम धरला तिथेच लागते. ही गोळी ३०० यार्डांवर साधारण ८ इंच खाली लागते, ४०० वर २३ इंच आणि ५०० वर ४५ इंच. पहिल्या शंभरात ८, पुढच्या शंभरात १५, त्याच्या पुढच्या शंभरात २२. अंतर जितकं जास्त, तितका अंदाजातला तोच फरक महागात पडतो. एल्कच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांचा भाग उभ्या मापाने पंधराएक इंच धरा. मध्यावर नेम धरलात तर वर-खाली प्रत्येकी सातेक इंचांची मुभा. ३०० यार्डांऐवजी ३३० निघालं तर ती मुभा पुरते. ४०० समजून मारलं आणि निघालं ४५०, तर गोळी दहा इंच खाली जाईल. म्हणजे छातीखाली किंवा पायात. त्या जनावराचं पुढे काय होतं ते ज्याने रात्री टॉर्च घेऊन शोधलंय, त्याला सांगावं लागत नाही.

लेझर नव्हता तेव्हा लोक काय करायचे? रेटिकलवरूनच अंतर काढायचे, आणि ती पद्धत आजही शिकून ठेवण्यासारखी आहे. मिल नावाच्या मापाच्या खुणा असलेलं मिल-रेटिकल असेल तर हिशोब सोपा: जनावराची यार्डांतली उंची गुणिले हजार, भागिले मिल. पाठीपासून छातीच्या तळापर्यंत एल्क साधारण २४ इंच, म्हणजे दोन तृतीयांश यार्ड. रेटिकलवर ते २.२ मिल भरलं तर अंतर सुमारे ३०० यार्ड. कागदावर छान दिसतं. पण समोरचं जनावर २४ च्या जागी २७ इंचांचं निघालं तर? तुमचा हिशोब ४०० सांगेल आणि ते उभं असेल ४५० वर. वर सांगितलेली दहा इंचांची चूक नेमकी अशीच होते. शिवाय बहुतेक शिकारी स्कोपमध्ये रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असतं, म्हणजे झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं. त्याच्या खुणांचं माप एकाच ठरावीक झूमवर खरं असतं, सहसा सगळ्यात वरच्या. झूम सहावर ठेवून नवावरचा हिशोब लावला की सगळंच चुकलं. म्हणून लेझर हवाच, यात मला शंका नाही. यार्ड-दोन यार्डांच्या फरकाने अंतर सांगणारं यंत्र तीन ते पाचशे डॉलरात मिळत असताना अंदाजावर विसंबून जनावर जखमी करणं मला पटत नाही. प्रश्न एवढाच उरतो की तो लेझर बंदुकीवर असावा की गळ्यात.

माझ्या मते गळ्यात. यातलं सगळ्यात मोठं कारण जाहिरातीत कधी येत नाही. स्कोपमध्ये लेझर असला की अंतर मोजायला रायफल उचलावी लागते. त्या झाडीपर्यंत किती असेल, त्या खडकापर्यंत किती, तो ठिपका हरीण आहे की झुडूप, प्रत्येक वेळी भरलेली रायफल त्या दिशेला. हंटर एज्युकेशनच्या वर्गात पहिल्याच दिवशी काय शिकवलं? जे मारायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. ऑक्टोबरच्या मोसमात डोंगर शिकाऱ्यांनी भरलेले असतात. नारिंगी जाकिटावरून ओळख पटते ते खरं, पण ती ओळख दुर्बिणीतून पटली पाहिजे, स्कोपमधून नाही. दुसऱ्याच्या स्कोपची चमक आपल्या दिशेला वळलेली मी पाहिली आहे. तो बिचारा बहुधा अंतरच मोजत होता, पण त्याची रायफल माझ्या छातीवर रोखलेली होती.

वेगळ्या रेंजफाइंडरचा दुसरा फायदा असा की काम आधीच उरकून ठेवता येतं. मीकरच्या वरच्या अंगाला, व्हाइट रिव्हरच्या एल्ककळपाच्या मुलखात, मी एका नवशिक्या मित्राबरोबर अॅस्पेनच्या झाडांच्या कडेला पहाटे बसलो होतो. उजाडल्यावर पहिली वीस मिनिटं आम्ही रायफलला हातही लावला नाही. आडवा पडलेला अॅस्पेनचा बुंधा, १८० यार्ड. पांढरा खडक, २६५. कुंपणाचा वाकलेला खांब, ३४०. तिन्ही आकडे त्याने पेन्सिलने तळहाताच्या मागे लिहिले. कळप आला तेव्हा पाच-सहा माद्या भराभर पुढे सरकत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सरकत होत्या. एक मादी पांढऱ्या खडकाच्या थोडी पलीकडे आडवी उभी राहिली. मोजायचं काहीच उरलं नव्हतं. खडक २६५ वर, ही त्याच्या दोन अंगांएवढी पलीकडे, म्हणजे २७० च्या आसपास, नेम सरळ छातीवर. बटण दाबायचं, आकडा यायची वाट बघायची, ठिपका कुठे उजळला ते शोधायचं, यातलं एकही काम त्या चार सेकंदांत त्याला करावं लागलं नाही. नवशिक्याच्या हृदयाचे ठोके तेव्हा कानात वाजत असतात. काम जितकं कमी, तितकं बरं.

लेझरवर आंधळा विश्वासही नको. किरण बिंदूसारखा बारीक राहत नाही, पुढे जाऊन पसरतो. दीड मिलिरेडियन (हजार यार्डांमागे दीड यार्ड) पसरणारा किरण ४०० यार्डांवर जवळजवळ दोन फूट रुंद होतो. मधे सेजब्रशचा शेंडा किंवा ओकची फांदी आली की तिच्यावरून परत आलेला आकडा दिसतो. त्याच भागात ओकच्या झुडपांमागे उभ्या असलेल्या मादीवर लेझर मारला तर २१४ आलं, किंचित वर खांद्यावर मारला तर २९१. सत्त्याहत्तर यार्डांचा फरक, हात जरासा हलला एवढ्याने. हातातल्या यंत्रावर असं झालं की माणूस आकड्याकडे शंकेने बघतो, पुन्हा मोजतो, मागच्या टेकडीवर मोजून पडताळतो. स्कोपमध्ये मात्र आकड्यापाठोपाठ ठिपका उजळतो, आणि उजळलेला ठिपका समोर असताना शंका घ्यायला मन तयार होत नाही. धुक्यात आणि बारीक बर्फ पडत असताना तर लेझर हवेतल्या कणांवरूनच परत येतो आणि चाळीस-पन्नास यार्ड दाखवतो. आकडा इतका विचित्र असला तर निदान कळतं तरी. २१४ विचित्र वाटत नाही, तोच घात करतो.

रेंजफाइंडर घेताना गोल्फचा घेऊ नका, स्वस्त मिळाला तरीही. गोल्फचं यंत्र जवळची वस्तू आधी पकडायला बनवलेलं असतं, कारण त्यांना झेंड्याची काठी हवी असते, मागची झाडं नकोत. शिकारीत उलट हवं: मधलं गवत सोडून मागचं जनावर. उतारावरचं अंतर सपाटीच्या हिशोबात करून देणारं यंत्र घ्या. तीस अंशांच्या उतारावर लेझरने सरळ रेषेत ४०० यार्ड मोजले तरी गोळीसाठी ते ३४६ च असतात, कारण गोळी खाली खेचली जाते ती आडव्या अंतराच्या मानाने. डोंगरातून खाली मारताना गोळी वरून जाते याचं एक कारण हे आहे.

आता त्या आपोआप उजळणाऱ्या ठिपक्यामागचा हिशोब बघू. तो स्कोपला कुठून कळतो? तुम्हीच भरता. कुठलं काडतूस, किती अंतरावर किती ड्रॉप (गोळी किती खाली येते), किती उंचीवर शिकार. बहुतेक जण काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग भरतात. तो वेग कारखान्यात साधारणपणे २४ इंची चाचणी-नळीतून मोजलेला असतो. तुमच्या रायफलीची नळी २२ इंची असेल तर वेग त्याहून कमी. इंचामागे वीस ते तीस फूट प्रतिसेकंद कमी होतो असं धरायची पद्धत आहे, शिवाय नळीनळीतही फरक असतो. २७०० भरलं आणि खरा वेग २६२५ असला, तर ५०० यार्डांवर गोळी अडीच-तीन इंच आणखी खाली. आणि झीरो केलं डेन्व्हरच्या मैलभर उंचीवर, शिकार दहा हजार फुटांवर. तिथली हवा विरळ, ड्रॉप थोडा कमी. हे सगळं नीट भरलं तर यंत्र उत्तम काम करतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे नीट भरायचं तर क्रोनोग्राफने वेग मोजावा लागतो आणि खऱ्या अंतरांवर कागदावर गोळ्या मारून बघाव्या लागतात. एवढी मेहनत घेतली की साध्या स्कोपनेही तेच काम होतं. ‘हिशोब करावा लागत नाही’ हे तुमच्या मित्राचं म्हणणं म्हणून मला पुरतं पटत नाही. हिशोब करावाच लागतो, फक्त घरी बसून आधी करावा लागतो.

वारा. याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. तुमच्या याच गोळीला ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर पाच-सहा इंच बाजूला नेतो, ४०० वर दहाच्या आसपास, ५०० वर सोळाएक. काही नव्या स्कोपमध्ये वाऱ्यासाठी खुणा असतात. पण वारा किती आहे ते स्कोपला कळत नाही. तुम्ही उभे आहात तिथे झुळूक, मधल्या दरीत सोसाट्याचा वारा, पलीकडच्या उतारावर पुन्हा शांत. १० समजलात आणि निघाला १५, तर ५०० वर आणखी आठ इंच. लेझर अंतर यार्डापर्यंत बरोबर सांगतो, आणि त्या अचूक आकड्यामुळे माणसाला वाटतं की बाकीचंही तितकंच अचूक आहे. तसं नसतं.

आणि गोळीला पोचायला वेळ लागतो. ५०० यार्डांना साधारण सहा दशांश सेकंद. तेवढ्यात चरणारी एल्क एक पाऊल पुढे टाकते. छातीवर सुटलेली गोळी पोटात लागते. यावर कुठल्याही कंपनीकडे उपाय नाही. ३०० यार्डांवर हाच वेळ जेमतेम एक तृतीयांश सेकंद असतो. पहिल्या मोसमासाठी मी तुम्हाला ३०० ची मर्यादा घालून देईन, तीही बसून किंवा आडवं पडून, बॅकपॅकवर रायफल टेकवून. उभ्याने शंभरच्या पुढे नको. ४०० वर तुमच्या गोळीत दीड हजार फूट-पाउंडच्या आसपास ऊर्जा उरते. कायद्याची अट १०० यार्डांवर १००० फूट-पाउंडची आहे, तेव्हा ऊर्जेची अडचण नाही. अडचण आपल्या श्वासाची आणि वाऱ्याची आहे.

३०० ही मर्यादा मानली की साध्या स्कोपचं गणित फार सोपं होतं. झीरो २०० ऐवजी २५० यार्डांवर करा. मग वाटेत गोळी नेमाच्या रेषेवर जास्तीत जास्त साडेतीन इंच जाते आणि ३०० वर चारेक इंच खाली येते. म्हणजे पायाशी असो की ३०० वर, नेम छातीच्या मधोमध धरा, गोळी एल्कच्या फुप्फुसांतच लागेल. डायल फिरवायची नाही, ठिपका शोधायचा नाही. रेंजफाइंडरचं काम एकच: हे ३०० च्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर रायफल खाली ठेवून जवळ जायचं. डोंगराची आडोशाची बाजू धरून, वारा तोंडावर घेऊन, शंभर यार्ड कमी करणं हीच तर शिकार आहे, आणि तिथेच खरी मजा आहे.

उजेडाची गोष्टही लक्षात घ्या. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी मारता येते, आणि एल्क बाहेर पडतात ते याच दोन्ही टोकांना. ४० मिलिमीटरचं भिंग सहा झूमवर ठेवलं तर डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ ६.७ मिलिमीटरचं असतं, अंधारात उघडलेल्या बाहुलीला पुरेल एवढं. ५० मिलिमीटरचं भिंग सोळा झूमवर लावलं तर तेच वर्तुळ तीन मिलिमीटरच्या जरा वर. मोठा झूम बघून लोक भुलतात आणि संध्याकाळी काळं चित्र दिसतं. आत अंतराचे आकडे उजळलेले असले तर अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेही थोडं दिपवतात. स्कोपवर खर्च करायचा तर काचेवर करा.

वजनाचं सांगायला हवं, कारण तुम्ही हे सगळं दहा हजार फुटांवर पाठीवर वाहणार आहात. चांगला ३-९×४० चारशे ग्रॅमच्या आसपास असतो. एलिमिनेटर पाऊण किलोच्या घरात, स्वारोव्हस्कीचा डीएस किलोच्या वर, आणि ते वजन रायफलीच्या माथ्यावर बसतं. बॅटरीची भीती मी फारशी घालणार नाही. लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत तग धरतात, आणि बॅटरी संपली तरी एलिमिनेटरचा मधला क्रॉस चालू राहतो, तो साध्या स्कोपसारखा वापरता येतो. मात्र हातातला रेंजफाइंडर जाकिटाच्या आत उबेत ठेवता येतो, रायफलीवरचा रात्रभर गाडीत गारठतो.

मग इलेक्ट्रॉनिक स्कोप कुणी घ्यावा? जिथे कायद्याने चालतो तिथे त्याची जागा आहे. तुमच्या मित्राच्या भागात रानडुकरं शेतात उतरतात, कळप धावत असतो, अंतर दर मिनिटाला बदलतं, आणि तिथे हेतू शेत वाचवायचा असतो. एक हात नीट चालत नाही किंवा हाताला कंप आहे अशा माणसाला दुर्बीण, रेंजफाइंडर आणि रायफल अशी तीन उपकरणं आलटून पालटून हाताळणं जमत नाही. त्याच्यासाठी सगळं एका जागी असणं मोठी सोय आहे, आणि जखमी जनावरंही त्यामुळे कमी होतील. लक्ष्यावर मोजूनमापून सराव करणाऱ्यालाही तो शिकवून जातो. या लोकांना मी कधी नाही म्हणणार नाही.

दोन सूचना, कारण आपल्या लोकांकडून हे दोन प्रश्न हमखास येतात. तुमचं ग्रीनकार्ड आहे, तुम्हाला अडचण नाही. पण तुमच्याबरोबर येऊ म्हणणारा मित्र एच-१बी वर असेल, तर केंद्रीय कायद्याने त्याला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. परवाना खिशात येण्याआधी त्याच्या हातात रायफल देऊ नका, रेंजवरसुद्धा. दुसरं, विदर्भातून नाहीतर मराठवाड्यातून कोणी ‘रोही (नीलगायी) आणि डुकरं फार झालीत, येताना एक स्कोप आणा’ म्हणालं, तर नाही म्हणा. अमेरिकेतून रायफलचा स्कोप बाहेर न्यायला निर्यातीचे नियम लागतात, आणि तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाच्या नुकसानीसाठी रोही किंवा रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

आता खरेदी. एलिमिनेटरला दीड-दोन हजार डॉलर जातात. त्याऐवजी ३-९×४० किंवा त्याच्या जवळपासचा चांगल्या काचेचा स्कोप तीन ते पाचशेला घ्या, शिकारीचा रेंजफाइंडर तीन ते पाचशेला. उरलेल्यातून १०×४२ ची दुर्बीण घ्या, नसेल तर. त्याउपर जे राहील ते काडतुसांवर घाला. शिकारीच्या काडतुसांचा वीसचा डबा चाळीस-पन्नास डॉलरला पडतो, पण सराव त्याच काडतुसाने करा, स्वस्तातल्या दुसऱ्या गोळीने नको. तिचा झीरो वेगळा निघतो.

स्कोप बसवताना बेस आणि रिंग्ज चांगल्या घ्या आणि स्क्रू टॉर्क-रेंचने सांगितलेल्या मापानेच आवळा. ‘स्कोप खराब आहे’ म्हणून लोक परत करतात त्यातल्या बऱ्याच वेळा रिंग ढिली असते. आधी २५ यार्डांवर कागदात आणा, मग १०० वर सव्वातीन-साडेतीन इंच वर लावा, म्हणजे २५० चा झीरो जवळपास बसेल. तेवढ्यावर थांबू नका. ईशान्य कोलोरॅडोतल्या पॉनी नॅशनल ग्रासलँडवर नेमबाजीसाठी राखलेली जागा आहे, तिथे किंवा लांब रेंज असलेल्या क्लबात २५० आणि ३०० वर प्रत्यक्ष मारून बघा. बाकावरून तीन-चार गोळ्या, मग बाक सोडा. मोसमात बाक मिळणार नाही. बॅकपॅक टाकून आडवे पडा, बसून गुडघ्यांवर कोपर टेकवा, शंभर पावलं धावून या आणि धाप लागलेली असताना मारा. नऊ इंची कागदी थाळीत ज्या अंतरावर दहापैकी दहा बसतात, ती तुमची मर्यादा. ती २०० निघाली तर यंदा २००.

शेवटी गोळी कुठे लागते त्याची एक पट्टी करा: १००, २००, २५०, ३००, आणि समोर तुम्ही स्वतः मारून पाहिलेले आकडे. ती रायफलीच्या दस्त्यावर पारदर्शक टेपने चिकटवा. डोंगरात पोचल्यावर तळावर एक गोळी कागदावर मारून झीरो पुन्हा तपासा, प्रवासात धक्के बसलेले असतात. पुढच्या वर्षी गोळीचा लॉट किंवा ब्रँड बदललात तर जुनी पट्टी काढून नवी करा.